कचरा गाडी पुन्हा येईनाशी झालीय? आधी बिघाड कुठं आहे ते शोधा

"आठ दिवस झाले, गाडी नाही" अशी तक्रार जाते. दुसऱ्या दिवशी एक टिपर येतो, कोपऱ्यावरचा ढीग भरून नेतो, कुणीतरी मोकळ्या जागेचा फोटो काढतो आणि तक्रार निकालात निघते. पुढच्या आठवड्यात ढीग जागेवर हजर. बेळगावात शहापूर घ्या नाहीतर सह्याद्रीनगर, हा प्रकार बहुतेकांच्या ओळखीचा आहे. निपाणी, संकेश्वर, खानापूरकडचे लोकही हेच सांगतात.

यात दरवेळी कुणाची लबाडी असते असं नाही. तुम्ही ढीग उचला म्हणालात, त्यांनी ढीग उचलला. कागदोपत्री काम झालं. तुमची खरी मागणी गाडीची फेरी लागावी ही होती, पण ती तक्रारीत कुठंच लिहिलेली नव्हती. एकच तक्रार वर्षानुवर्षं का परतते याचं निम्मं उत्तर इथं आहे. उरलेलं निम्मं असं की "गाडी येत नाही" या तीन शब्दांमागं पाच-सहा वेगवेगळे बिघाड असतात आणि प्रत्येकाचा माणूस वेगळा असतो.

घर कुणाच्या हद्दीत आहे?

हा प्रश्न बावळटपणाचा वाटेल. पण बेळगावच्या कडेकडेनं राहणाऱ्यांनी आधी हाच सोडवावा. महानगरपालिकेचे ५८ वॉर्ड आहेत. कॅम्पचा कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडं, तोही २००६ च्या वेगळ्या केंद्रीय कायद्याखाली. हिंडलगा, कंग्राळी बुद्रुक, येळ्ळूर इथं ग्रामपंचायत. टपालाच्या पत्त्यावर सगळीकडं 'बेळगाव' असतं, रिक्षावाल्याच्या दृष्टीनंही सगळं बेळगावच. कचरा गाडीच्या दृष्टीनं मात्र नाही.

पत्ता बघू नका, घरपट्टीची पावती बघा. ती ज्या कार्यालयाची, कचरा उचलायची जबाबदारी त्याच कार्यालयाची. भाड्यानं राहत असाल तर मालकाकडून पावतीची झेरॉक्स मागून घ्या. भाडेकरूची तक्रार ऐकून घेणार नाही असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. कचरा घरात राहणाऱ्याचा असतो, सातबारावाल्याचा नसतो. शहराच्या पावतीवर घरपट्टीबरोबर घनकचरा उपकराची ओळ वेगळी दिसते. ग्रंथालय आणि भिक्षुक उपकर असतात, तिथंच आसपास. एप्रिलमधली ५ टक्के सूट घेऊन आपण पावती कपाटात टाकतो आणि ती ओळ कधी वाचत नाही. तक्रारीला तिची प्रत जोडा.

हद्दीवरचा ढीग हे आणखी वेगळं दुखणं. शहराची गाडी म्हणते ते पंचायतीचं, पंचायत म्हणते ते शहराचं. आपला भागच असा की कचऱ्यालासुद्धा सीमाप्रश्न! अशा जागी एकाच कार्यालयाला पत्र दिलं तर ते दुसऱ्याकडं बोट दाखवून मोकळं होतं. एकच पत्र दोघांच्या नावानं लिहा, दोन्हीकडं आवक शिक्का मारून घ्या आणि मागणी एकच ठेवा: दोन्ही कार्यालयांनी मिळून जागेची संयुक्त पाहणी करावी. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर तिसरी प्रत त्यांना.

पूर्ण वॉर्ड बंद की फक्त तुमची गल्ली?

फोन उचलण्याआधी मागच्या गल्लीतल्या कुणालातरी विचारा. तिथंही गाडी नसेल तर बिघाड वरचा आहे: चालकांचा संप, गाडी गॅरेजात, नाहीतर कचरा खाली करायच्या ठिकाणी खोळंबा. बेळगाव शहराचा कचरा वेंगुर्ला रस्त्याकडं तुरमुरीला जातो. तिथं गाड्या अडकल्या की सकाळची पहिली फेरी लांबते आणि दुसरी होतच नाही. या बिघाडात चालकाशी भांडून काहीही निघणार नाही. कर्नाटकात झाडणाऱ्या पौरकार्मिकांना पालिकेकडून थेट पगार देण्याची पद्धत आली, पण गाडीवरचे चालक आणि लोडर पुष्कळ ठिकाणी ठेकेदाराकडंच राहिले. पगार थकला की काम थांबतं ते तिथं. अशा वेळी दोन-तीन दिवस ओला कचरा घरात कसा सांभाळायचा हाच व्यवहारी प्रश्न असतो. त्याबद्दल खाली लिहिलंय.

मागच्या गल्लीत गाडी येते आणि तुमच्यात येत नाही, तर मात्र कारण तुमच्या गल्लीतच शोधायला हवं. "गाडी येतीय ओ, खरं आमच्या बोळात शिरत नाही बघा," हे वाक्य जुन्या शहरात कुठंही ऐकू येईल. कारणं साधी असतात. गल्लीच्या तोंडाशी दोन्ही बाजूला दुचाक्या लावलेल्या. पाण्याच्या वाहिनीसाठी किंवा गटारीसाठी खोदलेला रस्ता नीट न बुजवलेला. टिपर मागं घ्यायला जागा नाही. चालक एकदा अडकतो, दुसऱ्यांदा टाळतो, आणि मग ती गल्ली फेरीतून कायमची सुटते. कुठल्याही कागदावर न नोंदता सुटते हे महत्त्वाचं. वरच्या साहेबाच्या यादीत तुमची गल्ली अजूनही असते, म्हणून तुमची तक्रार त्याला खोटी वाटते.

इथं उपाय दोनच. सकाळच्या त्या वेळेपुरत्या दुचाक्या एका बाजूला घ्यायच्या, हे गल्लीतल्या लोकांनी आपसात ठरवायचं; त्यासाठी पालिका लागत नाही, एखाद्या काकांचा आवाज लागतो. नाहीतर आतल्या बोळासाठी ढकलगाडी मागायची. टिपर तोंडाशी थांबेल, ढकलगाडी आत येईल. ही मागणी अगदी रास्त आहे. पण ती "गाडी येत नाही" अशा शब्दांत केली तर समोरच्याला कळतच नाही. "बोळ इतके फूट रुंद आहे, टिपर शिरत नाही, ढकलगाडी द्या" असं लिहिलं की कळतं.

तिसरा प्रकार: गाडी रोज येते, पण घरात कुणी नसतं. नवरा-बायको दोघंही कामाला जाणाऱ्या घरांची ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर बोललं जात नाही, कारण सोपा मार्ग समोर असतो: जाता जाता स्कूटरवरून कोपऱ्यावर पिशवी भिरकावणं. फाटकाच्या आत झाकणाचा डबा ठेवा, शेजारच्या वैनींना तेवढा गाडीत द्यायला सांगा. गल्लीत अशी घरं बरीच असतील तर सगळ्यांच्या सह्यांनी वेळ बदलून मागा. एकट्याच्या सोयीसाठी वेळ बदलत नाही, सह्या वाढल्या तर विचार होतो.

गाडी येते, पण कचरा घेत नाही

यात बहुतेक वेळा चूक आपल्या बाजूची निघते, हे आधीच सांगून टाकतो. गाडीवर कन्नडमध्ये "हसी कस, ओण कस" (ओला कचरा, सुका कचरा) लिहिलेलं असतं, भोंग्यावर तेच वाजत असतं, आणि आपण एकाच पिशवीत भाताची शितं, ब्लेडचं पातं आणि बाळाचा डायपर बांधून देतो. त्या पिशवीत कुणीतरी हात घालणार असतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन भागांत वेगळा करून देणं घरावरच टाकलं होतं. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत भाग चार झाले: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून निराळे द्यायचे. संपलेल्या गोळ्या, बल्ब, रंगाचे डबे चौथ्यात. घर दुरुस्त करताना निघालेल्या विटा-फरश्या या चारांपैकी कशातच येत नाहीत. त्या घंटागाडीत घेत नाहीत म्हणून रागावण्यात अर्थ नाही.

आता उलट बाजू. तुम्ही वेगळा करून देता आणि गाडीवाला तुमच्यासमोर सगळं एकत्र ओततो. हे पाहिलं की माणूस वैतागून वेगळं करणंच सोडून देतो, आणि मग गल्लीत कुणीच करत नाही. ही तक्रार मुकादमाकडं नेऊ नका. त्याच्या हातात गाडीचा हौदा नसतो. गाडीत दोन कप्पे आहेत की नाहीत, मधला पत्रा तुटलाय का, हे बघून गाडीचा नंबर दिसेल असा फोटो घ्या आणि पर्यावरण अभियंत्याच्या नावानं पाठवा. कर्नाटकातल्या महापालिकांत आणि मोठ्या नगरसभांत घनकचऱ्याचं तांत्रिक काम याच पदाकडं असतं. फोटोत कामगाराचा चेहरा येणार नाही एवढं बघा. दोष गाडीचा आणि फेरीचा असतो. चेहऱ्याचा फोटो गेला की नोटीस मात्र सगळ्यात खालच्या माणसाला मिळते.

तोच कोपरा, तोच ढीग

सगळ्यात चिवट बिघाड हाच. विजेच्या खांबाखाली, ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाशी, रिकाम्या प्लॉटवर. साफ केला की दुसऱ्या सकाळी पुन्हा तयार.

आधी ढीग वाचायला शिका. पोत्यात बांधलेल्या केळीच्या पानांचे, कांद्याच्या सालींचे गठ्ठे असतील तर रात्री एखादं हॉटेल किंवा मंगल कार्यालय तिथं टाकतंय. पिसं आणि आतडी असतील तर मटण-चिकनचं दुकान. ऊसाचा चोथा, शहाळी म्हणजे हातगाडीवाले. वडगाव-खासबागकडं सुताचा गुंता दिसला तर माग जवळच आहे. छोट्या छोट्या गाठी मारलेल्या कॅरीबॅग, डायपर, दुधाच्या पिशव्या असतील तर ती आपली माणसं, स्कूटरवरून जाणारी. शनिवारच्या बाजारानंतर ढीग वाढतो की रविवारी दुपारनंतर, हेही बघून ठेवा.

दुकानाचा कचरा घरगुती फेरीत येत नाही. त्याची वेगळी व्यवस्था दुकानदारानं करायची असते आणि त्यावर आरोग्य निरीक्षकाचा अधिकार चालतो, कारण व्यापार परवान्याचा धाक त्याच्याच हातात असतो. म्हणून तक्रारीत "लोक कचरा टाकतात" लिहू नका. "रात्री साडेदहानंतर पोत्यांतून हॉटेलचा कचरा पडतो" असं लिहा. निरीक्षकाला नेमकी वेळ मिळाली तर तो त्या वेळी फिरकू शकतो. तुम्ही स्वतः रात्री काठी घेऊन पहारा करत बसू नका; भांडण वाढतं, ढीग तिथंच राहतो.

रिकामा प्लॉट असेल तर मालकाला नोटीस काढण्याची मागणी करा. मालक पुण्याला, मुंबईला, नाहीतर परदेशात असतो, त्याला इथला वास येत नाही. पण मिळकतीचं खातं पालिकेकडं असतं, नोटीस तिथून जाते. कोपऱ्यावर देवाचा फोटो लावायचा उपाय सगळीकडं करतात. मला तो पटत नाही. चार दिवसांनी देव तिथंच उभा असतो आणि कचरा दोन हात पुढं सरकलेला असतो. त्यापेक्षा जागा साफ झाली त्याच दिवशी तिथं दोन-चार कुंड्या, एखादा बाक नाहीतर गल्लीच्या मंडळाचा फलक आला तर फरक पडतो. साफसफाई आणि हे काम यांत एका रात्रीचंही अंतर पडू देऊ नका.

गटारीतून काढलेला गाळ बाजूला रचून ठेवलेला असेल तर तो कचरा गाडीचा विषय नाही, गटार साफ करणाऱ्या पथकाचा आहे. पावसाआधी मात्र तो उचलून घ्याच. नाहीतर पहिल्या जोरदार सरीत तो परत गटारीत आणि तिथून बळ्ळारी नाल्यात. त्या नाल्याचं पाणी शेतात शिरलं की काय होतं ते वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शेतकऱ्यांना सांगायला नको.

तक्रार कशी लिहायची

दोन आठवडे नोंद ठेवा. दुधाचा हिशेब मांडतो तशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण: आली, नाही आली, किती वाजता. दोन-तीन घरांनी वेगवेगळी नोंद ठेवली तर आणखी चांगलं. मग असं पत्र:

"विषय: वॉर्ड क्र. …, … गल्ली (… पासून … पर्यंत) इथं कचरा गाडीची नियमित फेरी सुरू करण्याबाबत. या गल्लीत अंदाजे … घरं आहेत. … ते … या काळात पुढील तारखांना गाडी आली नाही: …. इतर दिवशी ती फक्त … पर्यंत आली. गाडीचा क्रमांक …. कारण असं सांगण्यात आलं: …. तरी ही गल्ली कोणत्या गाडीच्या फेरीत आहे, येण्याची ठरलेली वेळ कोणती, आणि गाडी नादुरुस्त झाल्यास बदली गाडीची काय सोय आहे, हे लेखी कळवावं. केवळ साचलेला कचरा उचलून ही तक्रार बंद करू नये."

शेवटचं वाक्य गाळू नका.

हे मराठीत द्यायचं की कन्नडमध्ये? राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाणं मांडणारा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. म्हणजे मराठी अर्ज नाकारता येत नाही आणि कुणी नाकारला तर हे कलम सांगा. पण आपल्याला हक्कही बजावायचाय आणि कचराही उचलून घ्यायचाय. मुकादमाच्या हातात पडणारा कागद त्याला एका नजरेत वाचता आला पाहिजे. म्हणून मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा. गल्लीत आठवी-नववीतली एखादी मुलगी असतेच, ती लिहून देईल. माहिती अधिकाराचं गणित मात्र निराळं आहे, ते पुढं.

पायऱ्या अशा: मुकादम, मग आरोग्य निरीक्षक, मग पर्यावरण अभियंता, मग आयुक्त. नगरसेवकाला पहिल्या दिवसापासून प्रत द्या, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका. त्याच्या फोनवर आलेली गाडी त्याचा फोन थांबला की थांबते. निपाणी, गोकाकसारख्या नगरसभेत आयुक्तांच्या जागी पौरायुक्त, चिक्कोडीसारख्या पुरसभेत आणि खानापूरच्या पट्टण पंचायतीत मुख्याधिकारी. गावात पंचायतीचा पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), त्याच्यावर तालुका पंचायतीचे कार्यकारी अधिकारी. बऱ्याच ग्रामपंचायतींत आता 'स्वच्छ वाहिनी' गाड्या बचत गटातल्या बायकाच चालवतात. तिथं आधी चालवणाऱ्या ताईंशीच बोलून बघा, डिझेलचे पैसे वेळेवर मिळतात का विचारा. पुष्कळदा गाठ तिथंच असते. कॅम्पातल्यांनी कॅन्टोन्मेंटच्या ई-छावणी पोर्टलवर जावं.

फोनवरून करायचं तर केंद्राचं स्वच्छता ॲप आहे. त्यात "कचरा गाडी आली नाही" आणि "कचऱ्याचा ढीग" हे पर्याय वेगळे आहेत. फेरीची तक्रार पहिल्यात टाका, दुसऱ्यात टाकली तर वर सांगितलेलंच होईल. राज्य सरकारचा जनस्पंदन क्रमांक १९०२. तिथून मिळालेला तक्रार क्रमांक पुढच्या प्रत्येक कागदावर लिहा.

आणि तरीही लेखी उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकच्या नियमांत अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, हे विसरून लोक चार पानं लिहितात आणि अर्ज परत येतो. इथं भाषेचंही बंधन आहे: कायदा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच म्हणतो, तेव्हा हा अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत द्या. "माझ्या गल्लीत गाडी का येत नाही" असं विचारू नका. 'का' हा प्रश्न माहितीत बसत नाही. त्या वॉर्डातल्या गाड्यांच्या फेऱ्यांची यादी, मागच्या महिन्याचं लॉगबुक आणि गाडीला जीपीएस असेल तर त्याची नोंद, यांच्या प्रती मागा. तुमची गल्ली यादीत आहे आणि लॉगबुकात रोज 'झाली' म्हणून लिहिलीय, पण तुमच्या दिनदर्शिकेवर नाही, असं निघालं तर ते दोन्ही कागद एकत्र आयुक्तांपुढं आणि महापालिकेच्या आरोग्य स्थायी समितीपुढं ठेवता येतात.

तोपर्यंत घरात काय करायचं

घरच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त भाग ओला असतो आणि वास मारतो तो तेवढाच. सुका कचरा पोत्यात पंधरा दिवस पडला तरी बिघडत नाही. ओल्यासाठी तळाला भोकं पाडलेली बादली, खाली वाळक्या पानांचा किंवा भुशाचा जाड थर, वर रोजचा कचरा आणि त्यावर कोरडा थर. सुरुवातीला थोडं आंबट ताक शिंपडलं तरी चालतं. आपल्याकडं चार महिने हवेतच पाणी असतं, त्यामुळं पुस्तकात सांगतात तेवढ्या वाळक्या पानांनी भागत नाही. मिसळण पचपचीत होतं आणि अळ्या पडतात. भाताच्या गिरणीतून तुसाचं एक पोतं आणून ठेवा, किंवा सुताराकडचा भुसा. दर थराला मूठभर जास्तच टाका. मटण-मासळीचं त्यात घालू नका, ते गाडी येईपर्यंत फ्रीजरच्या कोपऱ्यात बांधून ठेवलेलं परवडतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते चालणार नसेल तर त्या आठवड्यापुरतं आणूच नका.

सणाच्या दिवसांत, विशेषतः गणपतीत, निर्माल्य वेगळं ठेवा आणि मंडळाच्या कलशात द्या. ते कॅरीबॅगेत बांधून घंटागाडीत दिलं की बहुतेक कामगार हात लावायला कचरतात, आणि पिशवी परत तुमच्याच दारात राहते.